सेमिनारला बडिंग (विषाणूचं पेशीतून फुगून बाहेर पडणं) घेतेयस? मग मान कोण कापतं ते आधी बघ

अगं, दांडिया बाजारातून विद्यापीठात येताना रिक्षात प्रथिनांची नावं पाठ करत बसू नकोस. एस्कर्ट म्हणजे पेशीतली पटल कापणारी प्रथिनांची यंत्रणा; तिची यादी पाठ करून विषय कळत नाही. आधी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र नीट बघ: पी६ (गॅग प्रथिनाचा शेवटचा तुकडा) नसलेला एचआयव्ही. विषाणूचा सांगाडा बनवणारी गॅग प्रथिनं जमलेली, पेशीचं पटल फुगलेलं, कण जवळजवळ पूर्ण झालेला, पण बारीक मानेने पेशीला चिकटूनच राहिलेला. पी६ काढलं की असं होतं, हे १९९१ साली दिसलं. गॅग पटल वाकवतं, मान मात्र त्याला कापता येत नाही.

ती कापायला विषाणू पेशीचीच माणसं कामाला लावतो. पी६ मधली प्रोलीन-थ्रिओनीन-ॲलॅनीन-प्रोलीन ही अमिनो आम्लांची चौकडी पेशीतल्या टीएसजी१०१ या एस्कर्ट प्रथिनाला धरते (हे २००१ साली कळलं). दुसरी वाट ॲलिक्स या पेशीतल्या प्रथिनाची. दोन्ही वाटा शेवटी एस्कर्ट-३ पाशी पोचतात. त्याचे तंतू मानेच्या आतून गुंडाळले जातात आणि व्हीपीएस४ हे विकर एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून त्यांची उलथापालथ करतं. ‘आतून’ हा शब्द अधोरेखित कर. डायनॅमिन हे पेशीतलं पटल कापणारं दुसरं प्रथिन मानेला बाहेरून आवळतं, म्हणून ते इथे चालत नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे.

उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूचा नेड४ मार्ग (तिथे पेशीचं नेड४ प्रथिन कामाला लागतं) एका स्लाइडात उरक.

‘मग एस्कर्टच बंद करणारं औषध का नको?’ हा प्रश्न सर विचारतीलच. सांग, पेशी विभागताना शेवटचा दुवाही हीच यंत्रणा तोडते.