बाळ चार महिन्यांचं आहे, पहिल्या ख्रिसमसला त्याच्याकडून बायकोला काय गिफ्ट देऊ?

बाळाच्या पावलाचा ठसा द्या, खरंच सांगतो. आम्ही वसईचे, मुलीच्या पहिल्या नाताळला मी हेच केलेलं. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि पाणी लागेल तसं, साधारण १ वाटी, पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळायचं, पाव इंच जाड लाटायचं आणि बाळ गाढ झोपलं की पाऊल हलकेच दाबायचं, हाताचा नाद सोडा, तळहाताला काही लागलं की बाळ पटकन मूठ आवळतं. वर स्ट्रॉने भोक पाडून ओव्हनमध्ये १०० डिग्रीला २-३ तास वाळवा, मग रिबन बांधून ट्रीला लटकवा. पाऊल लगेच धुवा आणि तो गोळा बाळाच्या तोंडाजवळ अजिबात नको, मीठ खूप असतं त्यात.

आमच्या ठशात टाचेवरची बारीक सुरकुती पण उठलीय, बायको दर डिसेंबरला बॉक्स उघडला की आधी तिच्यावरच बोट फिरवते.

डायपर बॅग, दुपटी वगैरे आईचं गिफ्ट म्हणून देऊ नका प्लीज, ते बाळाचंच सामान झालं. आणि २४ ला रात्री चर्चमधल्या मिस्साहून (प्रार्थनेहून) आलात की बाळ तुम्ही घ्या, तिला झोपू द्या, दूध पाजायला उठावं लागलंच तर ढेकर काढायचं काम तुमचं.