सहीखालची नोंद

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली छायाचित्रे मिळाली. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात गाणे संपल्यावर तू कार्यक्रमपत्रिकेवर सही घेतलीस, आणि आता अशा सह्या, ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या, पत्रे, मैफलींच्या पत्रिका जमवाव्यात असे तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. सही सुरेख आहे, शाई पसरलेली नाही. परंतु पत्रिकेच्या दोन्ही बाजू मी भिंगाखाली पाहिल्या आणि त्या रात्री कोणता राग झाला, साथीला कोण होते, यांपैकी काहीही तू लिहून ठेवलेले मला आढळले नाही. माझे आजचे बहुतेक सांगणे या एका उणिवेभोवतीच आहे.

सही मिळाली की त्याच रात्री, घरी पोहोचून हातपाय धुण्याआधी, एका वेगळ्या कागदावर तारीख, गाव, सभागृह, गायिलेले राग, आठवत असतील ते बंदिशींचे मुखडे आणि तबला, हार्मोनियम व तानपुऱ्यावर बसलेल्यांची नावे लिहून काढ. दुसऱ्या दिवशी त्यांतले निम्मे विसरलेले असते आणि महिन्याने उरलेले आपण आपल्या सोयीने आठवतो. मूळ वस्तूवर काही लिहिणे भागच असेल तर मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, अजिबात न दाबता लिही. शाईने कधीही लिहू नकोस. खानदेशात राहून हे शिकायला लांब जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांच्या जपणुकीसाठी तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. एकदा तेथे जाऊन जुना कागद कसा हाताळतात, त्याची नोंद कशी ठेवतात, ते स्वतः पाहा.

सही मागण्याविषयी थोडे सांगतो. तानपुरे जुळत असताना कलावंताजवळ जाऊ नये. ती वेळ त्याची असते, आणि त्या वेळी मिळालेली सही बहुधा कपाळावरच्या आठीसकट मिळते. मैफल संपल्यावर गर्दी ओसरू द्यावी, पेन आपले असावे, टोपण काढून द्यावे. त्यानंतर, आणि हे फार थोडे लोक करतात, तबलजी व हार्मोनियमवादक यांच्याकडेही जावे. जुन्या पत्रिकांतून मुख्य गायकाचे नाव ठळक असे आणि साथीदारांची नावे कित्येकदा छापलीच जात नसत, त्यामुळे अमुक रात्री ठेका कोणी धरला होता हे आज शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. तुझ्या वहीत त्यांची सही असेल तर ती पुढे एखाद्या अभ्यासकाला मुख्य गायकाच्या सहीपेक्षाही मोलाची वाटेल. माझ्या संग्रहात अशा सह्या मोजक्याच आहेत, कारण तरुणपणी मलाही व्यासपीठाच्या मधोमध बसलेली एकच व्यक्ती दिसत असे.

विकत घेण्याचा मोह तुला लवकरच होईल, म्हणून माझी फजिती सांगून ठेवतो. एका शहराच्या जुन्या बाजारात मला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे सही केलेले छायाचित्र मिळाले. दुकानदाराने सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली आणि भुसावळ येईपर्यंत गाडीत ते चारदा उघडून पाहिले. घरी एका जाणत्या स्नेह्याने भिंगातून पाहून एवढेच विचारले, की ही सही बॉलपेनची कशी? खाँसाहेब 1937 साली गेले. बॉलपेन बाजारात येऊ लागले ते 1945 च्या सुमारास. ते छायाचित्र मी अजून टाकलेले नाही. कागदाचा काळ ठरवताना अशा साध्या गोष्टीच कामाला येतात. कार्डावरील तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर ते तिकीट 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणेपद्धती येण्यापूर्वीचे समजावे. पत्राच्या छापील माथ्यावर पिनकोड असेल तर तो कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचाच, मग खाली तारीख कोणतीही घातलेली असो. छायाचित्रावरील सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती छापील आहे, हाताची नव्हे.

नावांचाही घोटाळा होतो. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी आणि ज्यांच्या नावाच्या महोत्सवात तू ही सही घेतलीस ते बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, हे ठाऊक नसलेला माणूस एखादे अस्सल पत्र रद्दीत टाकू शकतो. उस्तादांच्या सह्या कित्येकदा उर्दूत असतात, तेव्हा ती लिपी निदान नाव वाचण्यापुरती शिकून घे. मी शिकलो नाही, त्याची रुखरुख आहे.

तबकड्यांना तू सहीइतका मान देत नाहीस असे पत्रावरून वाटले. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गायिका गौहर जान गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असे मोठ्याने म्हणत. तबकड्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला, छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ती युक्ती होती. आवाजात केलेली याहून अस्सल सही कोणती असणार? मिनिटाला 78 फेऱ्यांच्या त्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात. त्या स्पिरिटने पुसल्यास लाख विरघळून खाचा कायमच्या खराब होतात, आणि लोक नेमके तेच करतात.

आपल्या हवेची गोष्ट मात्र पुण्या-मुंबईच्या संग्राहकांनी लिहिलेल्या सूचनांत सापडणार नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर तो त्याहून वर असतो, आणि खाली खोलीत आपण कूलर लावून तीच हवा दमट करतो. उष्णतेने तबकड्या वाकतात, दमटपणाने छायाचित्रे एकमेकांना चिकटतात. म्हणून कूलर ज्या खोलीत आहे तेथे संग्रह नको आणि माळ्यावरही नको. आजोळी धाब्याचे घर असेल तर त्याची मधली खोली लोखंडी कपाटापेक्षा मला अधिक भरवशाची वाटते, मात्र कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेव, कारण जुन्या मातीच्या भिंतीतून उदई, म्हणजे वाळवी, केव्हा चढेल सांगता येत नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये आणि सहीला लॅमिनेशन तर कदापि करू नये, कारण ते पुन्हा निघत नाही. वर्तमानपत्रातले कात्रण सहीच्या कागदाला लागून ठेवलेस तर त्याचा पिवळेपणा सहीच्या कागदावर उतरतो.

पत्रांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. कागद तुझ्या मालकीचा झाला तरी त्यातील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो. कलावंताच्या घरगुती अडचणी, उसनवारी, रुसवेफुगवे त्यात असतात. ते कोणाला दाखवण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर पत्र गुमान कपाटात ठेवावे.

तुझा संग्रह पुढे कोठे जाईल, हा प्रश्न तुझ्या वयात विचारू नये हे खरे, पण मला तो आता रोज पडतो. चाळीसगावला रेल्वे स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर त्यांच्या कलाकृती आणि संग्रहासह जपलेले आहे, ते पाहून ये, म्हणजे सगळे एकत्र राहिल्याने काय साधते ते कळेल. माझ्या कपाटातल्या तीन फायली मी तुझ्यासाठी बाजूला काढल्या आहेत. त्या न्यायला पावसाळा उलटल्यावर ये, कारण झडीत त्या बाहेर काढायच्या नाहीत. तोवर एक काम कर. त्या रात्री तबल्यावर कोण बसले होते, ते आयोजकांकडे चौकशी करून मला उलट टपाली कळव.

तुझा,
भुसावळचा काका