काकांच्या ट्रंकेतली स्पूल नक्की कुणाची?

प्रश्न थोडक्यात सांगतो. वाचक पुण्याचे आहेत. त्यांचे काका मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, लग्न केलं नव्हतं, 2019 ला गेले. आईवडील आणि भाऊ (म्हणजे वाचकांचे वडील) त्यांच्या आधीच गेलेले, मागे फक्त एक बहीण. दादरची खोली रिकामी करताना ट्रंकेत एक स्पूल (जुन्या रेकॉर्डिंगच्या टेपची चकती) सापडली, डब्यावर पेन्सिलीने 'झेपलिन 72'. काका सांगायचे की लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडमधले दोघं आले होते तेव्हा आपण वाजवलंय, घरात कुणी मनावर घेतलं नाही. आता वाचकांनी ती एका ओळखीच्या माणसाकडून डिजिटाइज करून घेतली, त्याने परस्पर तीस सेकंदांची क्लिप इन्स्टावर टाकली, ती बघून परदेशातल्या एका कलेक्टरने टेप आणि फाइल दोन्ही मागितली, आणि आतेभाऊ म्हणतो अर्धे पैसे माझे. 'पन्नास वर्षं होऊन गेली म्हणजे फ्री ना? यूट्यूबवर टाकू का?'

नका टाकू. आधी एवढं ऐका, मग बाकीचं.

काकांची गोष्ट थाप असेलच असं नाही हं. त्या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट 1972 मध्ये खरंच मुंबईत स्टुडिओत गेले होते, इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी वेगळ्या ढंगात वाजवून बघितली, आणि ते सगळं तसंच पडून राहिलं. वर्षानुवर्षं चोरटी कॉपी फिरत होती, अधिकृतपणे आलं ते थेट 2015 ला, 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत. त्यामुळे पहिलं काम कायद्याचं नाहीच, कानाचं आहे. तुमच्या टेपवर आहे तो 2015 ला आलेलाच टेक (म्हणजे एका वेळचं वादन) आहे का दुसराच काहीतरी आहे, हे शेजारी शेजारी लावून ऐका. उत्तर बरंचसं त्यावर फिरतं.

आता कायदा. एका स्पूलमध्ये तीन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि लोक तिन्हींची खिचडी करतात. एक ती टेप, प्लास्टिकची चकती, ही जंगम मालमत्ता. दुसरं त्यावरचं रेकॉर्डिंग, त्याचा कॉपीराइट वेगळा. तिसरं मूळ गाणं, चाल आणि शब्द, त्याचा आणखी वेगळा. चकती तुमच्या कपाटात आहे म्हणून बाकीचे दोन हक्क तुमच्याकडे चालत येत नाहीत.

गाण्याचं सोपं आहे. दोन्ही गाण्यांवर नाव पेज आणि प्लांटचं, दोघंही हयात आहेत. आपल्याकडे हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं, इंग्लंडमध्ये 70. म्हणजे तुमच्या नातवंडांनीही वाट बघायला नको.

रेकॉर्डिंगचं मात्र गमतीशीर आहे, आणि तुमचा 'पन्नास वर्षां'चा मुद्दा कुठून आला ते मला कळतंय. इंग्लंडमध्ये नियम असा की रेकॉर्डिंग केलं आणि 50 वर्षांत बाहेरच काढलं नाही तर त्याचा हक्क संपतो, काढलं तर तिथून पुढे 70 वर्षं. याच भीतीने कंपन्या जुना माल घाईघाईने बाहेर काढतात. अमेरिकन गायक बॉब डिलनच्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) 2012 च्या अखेरीला साधारण शंभरच कॉपी काढून हक्क वाचवला, बीटल्सच्या 59 जुन्या रेकॉर्डिंग 2013 च्या डिसेंबरात अशाच गुपचूप आयट्यून्सवर आल्या. त्या हिशोबाने 1972 चा, कधीच बाहेर न आलेला टेक तिकडे 2022 संपताना मोकळा झाला असं म्हणता येईल. पण तुमचा टेक 2015 ला आलेलाच असेल तर तिकडे तो 2085 संपेपर्यंत बंद.

आणि तुम्ही बसलात पुण्यात. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगची 60 वर्षं मोजतात ती प्रसिद्ध झाल्यापासून, बनवल्यापासून नाही. जे प्रसिद्धच झालं नाही त्याचं मीटर डाऊनच झालेलं नाही. परदेशी कामाला इथे त्याच्या मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही असा युक्तिवाद करता येतो, मीही करीन, पण रेकॉर्डिंग झालं मुंबईत, मग मूळ देश कुठला यावर समोरचा वकील दोन तारखा सहज काढेल. तुमच्या खर्चाने.

काका वाजवत होते, मग त्यांचा काहीच हक्क नाही का? वाईट वाटेल पण जवळपास नाही. 1972 ला जो कायदा होता त्यात रेकॉर्डचा ऑथर, म्हणजे हक्काचा पहिला धनी, कोण तर जिच्यावरून रेकॉर्ड काढतात ती मूळ प्लेट बनली तेव्हा ती ज्याच्या मालकीची होती तो. वाजवून पैसे घेऊन घरी जाणारा माणूस त्यात कुठेच बसत नव्हता. वादकांचे हक्क आपल्या कायद्यात आले 1994 च्या दुरुस्तीने, आणि आजची 50 वर्षांची मुदत 1972 च्या वादनाला लावली तरी ती 2022 ला संपली.

आता टेप. इथे मी तुम्हाला नाराज करणार आहे. काकांना बायको नाही, मुलं नाहीत, आई आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही असं धरतो. मग हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुसऱ्या वर्गाचे वारस येतात, त्यात वडील सगळ्यात आधी, ते नाहीत म्हणून मग भाऊ-बहीण, आणि पुतण्या-भाचा त्यांच्या बरेच खाली. वरच्या पायरीवर कुणी हयात असेल तर खालच्याला काही मिळत नाही. म्हणजे आतेभावाला अर्धं नाही, तुम्हालाही अर्धं नाही, जे आहे ते सगळं आत्यांचं. खोलीतल्या बाकीच्या सामानाचंही तेच, पण ते तुम्ही विचारलं नाहीत.

हे सुद्धा टेप काकांची होती असं धरून. स्टुडिओने कॉपी दिली असेल तर ठीक, न विचारता पिशवीत घालून आणली असेल तर मामला वेगळा. बीटल्सच्या 1969 च्या चोरीला गेलेल्या सुमारे 500 स्पूल 2003 ला हॉलंडमध्ये पोलिसांनी पकडल्या, तेव्हा इतकी वर्षं झाली आता कोण विचारतंय या भ्रमात राहू नका. मुदतीच्या कायद्यात चोरीच्या वस्तूसाठी तीन वर्षं मोजतात ती वस्तू कुणाकडे आहे हे मालकाला कळल्या दिवसापासून. ती इन्स्टाची क्लिप म्हणजे तुम्ही स्वतःच गावभर दवंडी पिटलीत.

म्हणून त्या ओळखीच्या माणसाला आजच लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल, की क्लिप काढ, फाइल डिलीट कर आणि केल्याचं उत्तर दे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, दंड 50 हजार ते 2 लाख, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय. जाणूनबुजून केलं हे सिद्ध व्हावं लागतं, पण हे उत्तर वाचल्यावर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय गेली बघा. घरात बसून ऐकायला एक कॉपी ठेवलीत तर खासगी वापर म्हणून बाजू मांडता येते, त्यापलीकडे नाही.

कलेक्टरला फाइल अजिबात द्यायची नाही, ती सरळसरळ कॉपीची विक्री होते. नुसती टेप विकणंही मी थांबवीन, कारण हक्कदाराने जी कॉपी बाजारात आणलीच नाही तिचा पहिला सौदा तुम्ही करणार आणि भांडण ओढवून घेणार. त्यापेक्षा आत्यांच्या नावाने वकिलामार्फत लेबलला, म्हणजे वॉर्नरच्या अटलांटिकला पत्र टाका, टेप आहे, घ्यायची असेल तर बोलू. पैसे मिळतील न मिळतील. पण 2015 च्या त्या ट्रॅकच्या नावापुढे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढंच लिहिलंय, तेव्हा काकांचं नाव कुठेतरी लागावं ही मागणी मी तरी पैशाच्या वर ठेवीन. कायद्याने भाग पाडता येणार नाही, मागता येईल. त्यासाठी त्यांची डायरी, पैसे मिळाल्याची पावती, तेव्हाचा एखादा फोटो, काय असेल ते शोधा, रद्दीत गेलं नसेल तर.

आणि ती टेप सारखी सारखी मशीनवर चढवू नका. इतक्या जुन्या टेपवरचा थर झडतो, आणि उद्या कुठेही काही सिद्ध करायची वेळ आली तर मूळ वस्तू तीच आहे.