भाऊ लंडनला असतो. त्याच्याकडून मुलीसाठी पीटर रॅबिटचं चांदीचं नाणं मागवावं का? गुंतवणूक म्हणून ते कसं?

मुलीसाठी असेल तर जरूर मागवा. गुंतवणूक म्हणून मात्र नको.

पीटर रॅबिट या सशाची गोष्ट लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर यांच्या जन्माला 2016 साली 150 वर्षं झाली, तेव्हा ब्रिटनच्या रॉयल मिंटने, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीने, हे सात बाजूंचं 50 पेन्सचं नाणं काढलं. चांदीच्या नाण्याचं वजन 8 ग्रॅम, चांदी साडेब्याण्णव टंच. म्हणजे शुद्ध चांदी 7.4 ग्रॅम, पाव औंससुद्धा नाही. सराफ तेवढ्याचेच पैसे देईल. वरच्या चित्राची किंमत दुसरा संग्राहकच देतो, आणि तो मिळेपर्यंत थांबावं लागतं.

चांदीच साठवायची असेल तर बुलियन नाणं, म्हणजे धातूच्या किमतीसाठी घेतलं जाणारं नाणं, बघा. त्यातही गोष्टीतली माणसं सापडतात. 2021 चं रॉबिन हूडचं नाणं एक औंसाचं, म्हणजे 31.1 ग्रॅम, 999 शुद्धतेचं आहे. मात्र ब्रिटनमध्ये चांदीवर 20 टक्के व्हॅट लागतो, तो विकताना परत मिळत नाही, हे भावाला आधीच सांगा.

पण पीटरचं नाणं हातात घेतलं की मी हिशेब विसरते. चित्रामागची चांदी आरशासारखी, त्यावर सशाच्या मिशांचा एकेक केस मोजता येतो, आणि कोट खरोखरच निळा, रंगीत छापलेला.

एक कळकळीची विनंती. नाणं प्लास्टिकच्या गोल डबीतून काढू नका आणि घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंनी माझं एक नाणं दिवाळीत देवाच्या उपकरण्यांबरोबर रांगोळीने घासलं. त्यांनी मायेनेच केलं, पण आरसा गेला, बारीक ओरखडे राहिले. ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. चिंच, टूथपेस्ट, काहीही लावू नका. काळसर झालं तरी राहू द्या. जुनं घेत असाल तर मूळ खोका आणि प्रमाणपत्र मागून घ्या, त्यांच्याशिवाय भाव पडतो.

भावाला आणखी एक सांगा. हाच ससा 2016 च्या साध्या, तांबं-निकेलच्या 50 पेन्सवरही आहे आणि ती नाणी तिकडे चलनात आली होती. सुट्ट्या पैशांत मिळालं तर एक वेगळं ठेवायला सांगा. चांदीचं कपाटात राहील, हे मुलीच्या मुठीत. पुस्तक वाचून दाखवताना ते तिच्या हातात द्या.