अडतीस लाखांची पेटी आणि वाड्याची वाटणी

बडोद्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५७, खासगी नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं. थोडक्यात पत्र असं:

"दांडिया बाजारातला आमचा वाडा १ कोटी २० लाखांना विकायचं ठरलंय. आम्ही तिघे भाऊ, बहीण नाही. आईची एक पेटी आहे. तिच्यात चांदीचे ४६ रुपये (एक १९११ चा), उर्दू अक्षरांची सहा मोगल नाणी, रामदरबाराची ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची दोन नाणी, तबक, पंचपात्र, गुलाबदाणी अशी सव्वा किलो चांदी, हस्तिदंती कुंकवाचा करंडा आणि राजा रविवर्म्यांचं लक्ष्मीचं चित्र आहे. कशावरही शिक्का नाही की सही नाही. मुलाने नेटवर भाव बघून ३८ लाख काढले: चित्र २०, नाणी १२, बाकीचं ६. एक ऑनलाइन खरेदीदार तयार आहे, त्याला नोंदणीचे ८,५०० रुपये भरले. पेटी मी घेतोय म्हणून वाटणीत रोख कमी घेणार आहे. बँकेतल्या मॅडमनी सुचवलेली वर्षाला ३ लाखांची गॅरंटीड पॉलिसी नुकतीच घेतली, तिचे हप्ते पेटीतून निघतील. हे ३८ लाख एफडीत ठेवू की म्युच्युअल फंडात?"

पत्र मिळालं त्याच दिवशी मी यांना फोन केला. दोन तारखा जवळ आल्या होत्या: वाटणीचा कागद सह्यांसाठी तयार होता आणि पॉलिसी हातात पडून १९ दिवस झाले होते. फोनवर बोललो तेच इथे सविस्तर लिहितो, कारण जुने वाडे विकणाऱ्या बऱ्याच घरांत आज हेच चाललं आहे.

एफडी की फंड, हा प्रश्न सध्या राहू द्या. आधी वाटणी बघा. वाड्याचे १२० आणि पेटीचे ३८, मिळून १५८ लाख. तिघांत प्रत्येकी साडेबावन्न धरा. दोन्ही भाऊ साडेबावन्न लाख रोख घेणार. तुम्ही पेटी घेणार आणि वर साधारण १५ लाख रोख. म्हणजे १ कोटी २० लाखांच्या वाड्यातले तुमचे हक्काचे ४० लाख, त्यातले २५ तुम्ही एका पेटीच्या बदल्यात सोडताय, आणि ती पेटी अजून कोणी तराजूवरसुद्धा ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. खरेदीखतात तिघांचा हिस्सा समान, म्हणजे तुमच्या नावावर ४० लाख. भांडवली नफ्याचा कर त्या ४० लाखांच्या हिशेबाने लागणार. हातात १५ आणि कर ४० वरचा.

आता पेटी उघडू. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले.

रुपये: ४६ पैकी ३१ व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्जचे. हा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. उरलेले १५ सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे. वजन तेच, पण चांदी निम्मीच. हा फरक घरात सहसा कोणाला माहीत नसतो, सराफाला पक्का माहीत असतो. सगळी मिळून निव्वळ चांदी ४२० ग्रॅम. चांदीचा भाव हल्ली फार हलतो, म्हणून हिशेबापुरता किलोला १ लाख धरतो. तुम्ही विकाल त्या दिवशीचा भाव लावून गुणा. झाले ४२ हजार.

१९११ चा रुपया म्हणजे 'डुकराचा रुपया'. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुढच्या वर्षी नक्षी बदलली. संग्राहक त्याला चांदीपेक्षा जास्त देतात हे खरं. पण फोटो चांगले यावेत म्हणून तुम्ही सगळी नाणी पितांबरीने घासून लख्ख केलीत. संग्राहकाला हवी असते ती वर्षानुवर्षं चढलेली काळपट झाक. ती गेली की तो हात आखडता घेतो. उरलेल्या कशालाही आता चिंच, रांगोळी, पावडर काही लावू नका.

रामदरबाराची दोन नाणी ही नाणीच नाहीत. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. असे बिल्ले देवस्थानांबाहेर विकले जात आले आहेत आणि त्यांच्यावर १८१८, १६१६ असं वाटेल ते साल असतं. किंमत पितळेची. देवात ठेवा.

सहा 'मोगल' नाण्यांपाशी मात्र मी थांबलो. अक्षरं फारसी आहेत, बादशहाचं नावही असेल. पण तिसऱ्या फोटोत त्या अक्षरांच्या मधोमध एक छोटी तलवार आणि शेजारी नागरी अक्षर दिसतंय. ही गायकवाडांची खूण. नाणं बादशहाच्या नावाने, पण टाकसाळ बडोद्याची. तुमच्या आजीच्या पिढीला ही बाबाशाही म्हणून माहीत असणार. सयाजीरावांनी पुढे स्वतःचा चेहरा आणि स्वच्छ नागरी नाव असलेले रुपये पाडले. त्याआधीची नाणी अशीच कोड्यात टाकणारी असतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात अशी नाणी वाचणारे लोक आहेत, त्यांना दाखवा. ते ओळख सांगतील, किंमत सांगणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे. मी सहांचे मिळून २० हजार धरतो.

भांडी: सव्वा किलो हे वजन गुलाबदाणीच्या बुडात भरलेल्या लाखेसकट आहे. ती काढली, सांधे जोडायला वापरलेले जुने झाळ वजा केले की ११०० ग्रॅम. शिक्का नसलेल्या जुन्या चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, मी ८० टक्के धरतो. ८८ हजार. टंच काढून घ्यायला सराफाच्या कसोटीवर विसंबू नका. मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात थोड्या पैशांत यंत्रावर तपासून कागद मिळतो. विकायला निघालेल्या माणसाने टंच विकत घेणाऱ्याकडूनच काढून घ्यावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

करंड्याची किंमत शून्य. हस्तिदंत विकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो आजीचा असो की पणजीचा. मुलाला सांगून त्याचा फोटो आजच्या आज नेटवरून काढून टाका आणि घरात ठेवण्याबाबत वन विभागाकडे नियम विचारा.

राहिलं चित्र, ज्याच्यावर २० लाख उभे आहेत. रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी चित्रं काढली, ती लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत, त्यामुळे बडोद्यातल्या प्रत्येक जुन्या घराला आपली लक्ष्मी अस्सल वाटते. पण त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या तसबिरी घरोघरी पोचल्या. वरून वार्निश, कागदावर कॅनव्हाससारखा दाब, म्हणून हाताला ते तैलचित्र वाटतं. खाली छापखान्याचं नाव असायचं. चौकट करताना तीच पट्टी कापली जायची, म्हणून तुमच्या चित्रावर खूण नाही. दोन-तीनशे रुपयांचं सराफी भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके दिसले तर दगडी छपाईची जुनी तसबीर. एकसारखे, फुलासारखे जुळलेले ठिपके दिसले तर अलीकडचं पुनर्मुद्रण. ठिपके मुळीच नसून रंगाचे जाड-पातळ फटकारे दिसले तरच मला पुन्हा फोन करा. तसं निघालंच तर ते कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तोवर जुनी तसबीर समजून २० हजार.

बेरीज १ लाख ७० हजार. चांदीचा भाव मी धरला त्याच्या तिप्पट असला तरी साडेचार लाखांच्या आत. तुमच्या बाजूने पाच धरू. मग एकूण १२५ लाख, प्रत्येकाचे ४१ लाखांच्या वर. तुम्हाला मिळणार १५ आणि पाच, वीस. म्हणजे त्या कागदावर सही केली असती तर २१ लाखांचं नुकसान, निवृत्तीला तीन वर्षं असताना. तुमचे भाऊ लबाड नाहीत, त्यांनाही ३८ चा आकडा खराच वाटला. म्हणून आधी दादांशी बोला आणि हे गणित तिघांनी एकत्र बसून करा. वाड्याची रोकड तीन समान हिश्शांत वाटा. पेटीची फोटो आणि वजनासह यादी करा, नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्या, आणि तो येईल त्या आकड्याने पेटी कोणी ठेवायची ते ठरवा. अहवालात १ एप्रिल २००१ ची किंमतही मागा. नाणी आणि दागिने पुढे विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि तो नफा मोजायला हा आकडा लागतो.

ऑनलाइन खरेदीदाराला आता एक रुपयाही देऊ नका. ८,५०० नंतर विमा, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र, हा क्रम ठरलेला आहे. जुनी नाणी-नोटा विकताना शुल्क मागायला आम्ही कोणालाही नेमलेलं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. ही फसवणूक आहे, सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि ती पॉलिसी. १० वर्षं ३ लाख, एकूण ३०. मग दोन वर्षं काहीच नाही, त्यानंतर वर्षाला साडेचार लाख, १२ वर्षं, एकूण ५४. मॅडमनी '३० चे ५४' एवढंच सांगितलं. पहिले साडेचार लाख हातात पडतील तेव्हा तुम्ही ६९ वर्षांचे असाल. सगळा हिशेब लावला तर परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्याही आत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत याहून कितीतरी जास्त मिळतं, आणि तीन वर्षांनी तुम्ही तिच्यात बसता. शिवाय दहातले सात हप्ते पगार थांबल्यावरचे. ते ज्या पेटीतून जायचे होते ती जेमतेम दीड हप्ता भरेल. ज्या माणसाची नोकरी तीन वर्षांत संपते त्याला हे विकणं मला अक्षम्य वाटतं, आणि त्या मॅडमना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क आणि थोडाफार खर्च कापून पैसे परत मिळतात. अर्ज लेखी द्या, कारण एका ओळीत लिहा, आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. "आत्ता सोडलीत तर बोनस जाईल" असं ऐकवतील. ऐका आणि पोच मागा.

तुम्ही लिहिलंय की रावपुऱ्यात राहणाऱ्या मावशी ८४ वर्षांच्या आहेत आणि पेटीतलं सगळं ओळखतात. या रविवारी पेटी घेऊन त्यांच्याकडे जा. एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. लक्ष्मीची तसबीर भिंतीवर असलेला एखादा जुना फोटो, गुलाबदाणी कोणाच्या लग्नातली, बाबाशाही रुपये कोणाच्या पगारातले, हे सगळं विचारून घ्या. शिक्का नसलेल्या वस्तूबद्दल मूल्यांकक पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्याचं उत्तर आता फक्त मावशींकडे आहे.