मावशी लावली, पण सेवा नीट होतेय का?

अंथरुणावरच्या माणसाची घरी होणारी सेवा कशी तपासायची, यावर आलेली चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. पक्षाघातानंतर आठ महिने अंथरुणाला खिळून आहे. नाकातल्या नळीतून जेवण, लघवीलाही नळी. अमळनेरच्या घरी ब्युरोच्या (घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेच्या) दोन मावशी असतात, एक दिवसाची, एक रात्रीची. मी पुण्यात नोकरीला. दोन महिन्यांतून दोन दिवस जाणे होते. तेवढ्यात काय बघू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : न कळवता जा आणि पाळी बदलायच्या वेळी घरात हजर राहा. रात्रीची मावशी दिवसाच्या मावशीला काय सांगते ते ऐका. रात्री कूस किती वेळा बदलली, लघवी किती झाली, पोट साफ झाले का, शेवटचे फीड (नळीतले जेवण) किती वाजता दिले, अंगावर कुठे लाल दिसले का. एवढे सांगून, वहीत लिहून मगच ती चपला घालत असेल, तर निम्मी काळजी मिटली. एक पायरी उतरतेय आणि दुसरी चढतेय, असे चित्र असेल तर आईच्या तब्येतीची खबर कोणाकडेच नाही.

मग आईची पाठ बघा. संकोच वाटत असेल तर घरातल्या बाईमाणसाला बघायला सांगा, पण बघा. माकडहाड, टाचा, घोटे, खुब्याची हाडे, डोक्याची मागची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरट होऊन पुन्हा लाल झाला, तर कातडी अजून शाबूत आहे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. सावळ्या अंगावर लाली उठून दिसत नाही. तिथे काळपट-जांभळी छटा शोधा, हात लावून बघा. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा टणक लागते. दर दोन तासांनी कूस बदलायला पर्याय नाही. ‘हवेची गादी आहे ना’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. वीज गेली की पंप थांबतो आणि गादी बसत जाते. गादी चालू असतानाही आईच्या खुब्याखाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवा. वर इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागत असेल तर ती गादी काही कामाची नाही.

एक फीड तुमच्यासमोर देऊ द्या. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी, आणि फीड संपल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. आधी नळीवरची खूण नाकपुडीशी जुळते का, हे मावशीने बघितले पाहिजे. सिरिंज उंच धरून अन्न आपोआप उतरू द्यायचे, दट्ट्याने रेटायचे नाही. शेवटी ३० मिलिलिटर पाणी, नाहीतर नळी आतून चोंदते. आडवे ठेवून किंवा घाईने दिलेले अन्न उलटून फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. कूस बदलताना पिशवी पलंगावर ठेवली की लघवी नळीतून मागे फिरते. वारंवार ताप येण्याचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

आता वही. बीपी रोज १२०/८० आणि आठवडाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने ओढलेल्या असतील, तर ती एका बैठकीत भरलेली आहे. खात्री करायची तर वस्तू मोजा. गोळ्यांच्या पट्ट्यांत किती उरल्या, डायपर किती संपले, फीडच्या पावडरचा डबा किती दिवस पुरला. दिवसाला तीन डायपर लिहिलेत आणि दहाचे पाकीट आठवडा चालले, तर आई घाणीत पडून असते.

प्रश्न : वडिलांसाठी ब्युरो ठरवायचा आहे. कागदपत्रे कोणती बघावीत?
— एक वाचक, धुळे

उत्तर : दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, येणाऱ्या प्रत्येकीचे ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी, आणि ‘नर्स’ म्हणून पैसे घेत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. पांढरा कोट घातल्याने कोणी नर्स होत नाही.

पण कागदाने फक्त उंबरठा ओलांडता येतो. इंग्लंडमध्ये घरी सेवा देणाऱ्या संस्थांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन पाच प्रश्नांवर करते : सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेने दिली जाते का, माणसाच्या गरजेप्रमाणे वळते का, आणि संस्था नीट चालवली जाते का. आम्हाला यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. म्हणून ब्युरोच्या माणसाला समोर बसवून विचारा : अक्षय्य तृतीयेला मावशी गावी गेली तर बदली कोण, आणि तिला बाबांची माहिती कोण देणार? सुपरवायझर घरी किती दिवसांनी येतो, आणि आला की अंग बघतो की फक्त हजेरीवर सही करतो? बाबा रात्री दोन वाजता पलंगावरून पडले तर फोन कोण उचलेल? ‘काळजी करू नका, आम्ही आहोत’ हे उत्तर मिळाले तर दुसरा ब्युरो बघा. नाव आणि नंबर लिहून मिळाला पाहिजे.

भाषाही विचारात घ्या. आजाराने बोलणे अडखळले की माणूस बहुतेकदा घरच्या बोलीवर येतो. ‘माले तीस लागनी’ म्हणजे तहान लागली, हे न कळणारी बाई मे महिन्याच्या उन्हाळ्यात बाबांना कोरडे ठेवेल. तिला अशी वीसेक अहिराणी वाक्ये लिहून द्या.

प्रश्न : मावशी सासऱ्यांना इन्सुलिन देते. चालेल का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : नुसत्या मदतनीस मावशीकडून इंजेक्शन देऊ नका. नोंदणीकृत नर्स किंवा डॉक्टरांकडून नीट शिकलेल्या घरच्या माणसाने द्यावे. इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदीच्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० ची बाटली लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरली, तर शरीरात २५ युनिट जातात. साखर एकदम उतरते, दरदरून घाम येतो, शुद्ध हरपते. आजच बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडे जुळवा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. वीज फार वेळ जात असेल तर ती पिशवीत घालून पाणी भरलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा, सावलीत.

प्रश्न : तीन महिन्यांत पाच मावश्या बदलल्या. ब्युरो डिपॉझिटही परत देत नाही.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : पैशांचे आधी सांगतो. तक्रार लेखी द्या, पावती आणि करार जोडा, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. रुग्णाला मारहाण किंवा उपासमार झाल्याचा संशय असेल तर थांबू नका. पोलिसांसाठी ११२, आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७.

मावश्या का टिकत नाहीत, याचे उत्तर मात्र बऱ्याचदा पगारात असते. तुम्ही ब्युरोला किती देता आणि त्यातले तिच्या हातात किती पडते, हे तिलाच विचारा. फरक मोठा असेल, पगार उशिरा होत असेल, किंवा बदली न आल्याने तिला सलग २४ तास बसवले जात असेल, तर ती जाणारच. थकलेली बाई पहाटे तीनला कूस बदलायला उठत नाही. करारात बारा तासांची पाळी, आठवड्याची सुटी आणि पगाराची तारीख लिहून घ्या. घरी तिच्यासाठी वेळेवर जेवण, पंखा आणि पाठ टेकायला जागा ठेवा. सहावी मावशी येईल त्या दिवशी जुन्या मावशीला निदान एक पाळी सोबत थांबवा, तिचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या.