पुढच्या दातांत कळ येते तेव्हा

बाळा, लवंग लावून दिवस ढकलू नकोस. आधी कळ कशी येते ते बघ. सोलापूरच्या उन्हातून आल्या आल्या बर्फ घातलेला उसाचा रस घेतलास, क्षणभर झिणझिण्या आल्या आणि थांबल्या, तर बहुधा हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलंय किंवा दाताचं कवच झिजलंय. कडक ब्रश जोरात आडवा घासल्याने हे होतं. आणि मिशरी! आपल्याकडे कितीजणी दुखणं थांबतं म्हणून ती लावतात. ती तंबाखूच आहे गं, हिरड्या आणखी खराब होतात आणि कॅन्सरचा धोका वेगळाच. लावत असशील तर आजच सोड. मऊ ब्रश घे, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट रोज दोनदा वापर. फरक पडायला 2 ते 4 आठवडे लागतात.

पण कळ मिनिटभर रेंगाळली, रात्री झोपेतून उठवू लागली, तर त्रास आतल्या नसेपर्यंत पोचलाय. माझा वरचा दात लहानपणी पडून आपटला होता. कित्येक वर्षांनी तो काळसर झाला, मी दुर्लक्ष केलं, मग हिरडीवर पुळी आली. एक्स-रे काढून रूट कॅनाल केलं, म्हणजे मुळातली खराब नस काढून ती पोकळी भरली, आणि दात वाचला. पुढच्या दाताला बहुतेक वेळा एकच मूळ असतं, त्यामुळे हे काम दाढेपेक्षा सोपं. घाबरू नकोस.

दुखणाऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नकोस, हिरडी भाजते. ओठ सुजला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोवर कडक भाकरी दातांनी तोडू नकोस, आमटीत कुस्करून खा.